सूचना : पावसाआधी साइटवरची माती आणि सांडपाणी आवरा

सर्व ठेकेदार व सुपरवायझर सभासदांनी नोंद घ्यावी.

मृग तोंडावर आला आहे. येत्या रविवारी सकाळी 10 वाजता जुळे सोलापुरातील आपल्या कार्यालयात बैठक आहे. प्रत्येक साइटवरून एक जबाबदार माणूस यायलाच हवा. तोपर्यंत ही कामे उरकून घ्या :

• पायाची काढलेली माती गटारापासून लांब रचा, ताडपत्रीने झाका आणि उताराच्या बाजूला बांध घाला. आपली काळी माती फार बारीक. एकदा पाण्यात मिसळली की लवकर खाली बसत नाही, जाळीतूनही निघून जाते. त्यामुळे नुसती जाळी लावून भागणार नाही; पाणी खड्ड्यात साठवून निवळू द्या, मगच वरचे पाणी सोडा.

• मिक्सर आणि घमेली धुतलेले पाणी नाल्यात अजिबात नको. सिमेंटच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा क्षारीय ते सांगणारे माप) 12 च्या आसपास, म्हणजे फार क्षारीय असतो, त्यात मासा जगत नाही. सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव आपल्याच गावचे आहेत, एवढे ध्यानात ठेवा.

• डंपरची चाके गेटवर धुवा. रस्त्यावर पडलेला चिखल त्याच दिवशी फावड्याने उचला, पाइप लावून गटारात ढकलू नका.

• राडारोडा नाल्याकाठी टाकणे नियमाने बंद आहे.

बैठकीला येताना साइटवरील उताराचा आणि गटारांचा कच्चा नकाशा आणावा.

– कार्यवाह