एका दिवसात अ‍ॅप? बरं, मग पुढे?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

हल्ली तुमच्या पेपरात दर आठवड्याला "एका दिवसात अ‍ॅप तयार" असं काहीतरी येतंच, कधी लो-कोड (म्हणजे फारसा कोड न लिहिता) म्हणून तर कधी एआय म्हणून. मी पुण्यात बरीच वर्षं रिलीजच्या, म्हणजे तयार सॉफ्टवेअर लोकांपर्यंत सोडायच्या, कामात आहे म्हणून लिहितोय. कोड टाइप करायला कधीच एवढा वेळ लागत नव्हता हो, वेळ जातो तो त्याच्यानंतर, सगळ्यांचं काम एकत्र करा, टेस्ट करा, सर्व्हरवर चढवा.

आमच्याकडे आधी रिलीज म्हणजे शुक्रवारची रात्र आणि एक एक्सेल शीट, त्यात साठेक स्टेप्स, एकजण मोठ्याने वाचणार, दुसरा कमांड मारणार, मागवलेले वडापाव तसेच गार. एकदा रात्री दोनला एक स्टेप वाचायचीच राहिली आणि लाइव्ह अ‍ॅपच्या फाइलमधे टेस्ट डेटाबेसचा पत्ता तसाच राहिला, सकाळी कस्टमरला स्वतःच्या ऑर्डरच्या जागी "टेस्ट टेस्ट १२३" दिसायला लागलं. चूक वाचणाऱ्याची का टाइप करणाऱ्याची यावर तीन मीटिंगा झाल्या आणि शीटमधे लाल रंगात एक ओळ वाढली, "पत्ता तपासा". बास.

मग जेन्किन्स बसवलं, ही कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर. आता कुणी गिटवर (सगळ्यांचा कोड एकत्र ठेवतो तिथे) कोड टाकला की बिल्ड, म्हणजे कोडचं चालणारं अ‍ॅप बनवणं, आपोआप, टेस्ट आपोआप, एक जरी टेस्ट फेल झाली तरी गाडी तिथेच थांबते. रिलीज वीस मिनिटांत होतं. पण हे जमवायला आठ महिने गेले, त्यातले सहा नुसत्या टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहिण्यात, कारण जुन्या कोडला टेस्टच नव्हत्या. साहेब लोकांना ती वीस मिनिटं दिसतात, सहा महिने कुणाला दिसत नाहीत. आता एआय दुप्पट कोड लिहून देतंय म्हणता, मग त्याच्या टेस्ट कोण लिहिणार, आणि रात्री बंद पडलं तर फोन कुणाला, हेही विचारा की जरा बातमीत.

अमेरिकेत नाइट कॅपिटल म्हणून शेअर ट्रेडिंगची कंपनी होती. त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड हाताने चढवला, एकावर राहिला. त्या एकावर २००३ पासून बंद असलेला जुना कोड पडून होता आणि नव्या कोडने नेमका त्याचाच फ्लॅग, म्हणजे चालू-बंद करायची खूण, परत वापरलेला. १ ऑगस्ट २०१२ला बाजार उघडला, तो जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४० लाखांवर सौदे करून बसला, ४४ कोटी डॉलरच्या वर खड्डा. आणि गंमत म्हणजे बाजार उघडायच्या आधीच त्यांच्या सिस्टमने एररच्या ९७ ईमेल पाठवल्या होत्या, कुणी काही केलं नाही.

हे लिहिताना सहज आमच्या पाइपलाइनच्या (त्या जेन्किन्सवरच्या बिल्ड-टेस्टच्या साखळीच्या) फेलच्या ईमेल कुठे जातात ते बघितलं. वेगळा फोल्डर केलाय कुणीतरी, त्यात तीन हजारावर न वाचलेल्या पडल्यात. त्यातल्या काही मलाच आलेल्या.

आपला,
एक वाचक, पुणे