सीएसएसकडे कधी वळावे?

महोदय,

वेब पाने बनवायला शिकणाऱ्या मुलांनी एचटीएमएलचे (पानाची रचना लिहिण्याची भाषा) सगळे टॅग (मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे ते सांगणाऱ्या खुणा) पाठ होईपर्यंत सीएसएससाठी (पानाचे रूप ठरवणारी भाषा) थांबू नये. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या दरांचे एक पान न बघता लिहून पाहावे: मथळे, यादी, दुवा, चित्र, तक्ता आणि लेबलसह चौकशीचा फॉर्म. एवढे जमले की सीएसएस सुरू करावे. उशीर केला, तर अक्षर मोठे दिसावे म्हणून मथळ्याचा टॅग वापरण्याची आणि अंतरासाठी बीआरच्या (ओळ तोडणाऱ्या टॅगच्या) ओळी लावण्याची खोड जडते. फाँट, सेंटर हे टॅग तर एचटीएमएल ५ मध्ये बाद झाले आहेत; संगणक प्रशिक्षण वर्गांनी ते कृपया शिकवू नयेत. सीएसएसमध्ये आधी रंग, मार्जिन (घटकाबाहेरचे अंतर), पॅडिंग (घटकाच्या आतले अंतर) शिकावे; फ्लेक्सबॉक्स (घटक ओळीत किंवा स्तंभात मांडण्याची पद्धत) नंतर. सीएसएसचा एखादा नियम लागू होत नसेल, तर आधीच्या ओळीतला विसरलेला अर्धविराम शोधावा.

– एक संगणक प्रशिक्षक, सांगली