छोटीच गाडी का, ते सांगते

पुणे,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर गाडीचा विषय निघाला की आई "जपून गं" म्हणते आणि बाबा "बघू" म्हणून फोन तिच्या हातात देतात. सलग बोलणं काही होत नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतेय. गाडी मनाशी ठरली आहे. टाटा पंच, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, मधलं मॉडेल. पैसे अजून भरलेले नाहीत. तुम्ही दोघांनी हे पत्र वाचून होकार दिलात की मगच बुकिंग.

बाबा, आधी तुमचा मुद्दा. दिवाळीत शेजारच्या अंगणातल्या गाडीच्या बॉनेटवर तुम्ही बोटाने टकटक केलंत आणि म्हणालात, "नुसता डबा आहे. घ्यायची तर स्कॉर्पिओसारखी दणकट घे." तुमचं आयुष्य एसटीच्या देवरूख आगारात गाड्यांखाली गेलं, ब्रेकडाऊनच्या गाडीबरोबर रात्री-अपरात्री आंबा घाटात गेलात, तिथे काय काय बघितलंत ते तुम्ही घरात कधी पुरतं सांगितलंही नाहीत. त्यामुळे तुमची काळजी मी उडवून लावत नाही. पण वरचा पत्रा जाड असणं आणि आतला माणूस वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हल्लीच्या गाडीचं नाक मुद्दाम चेपेल असंच केलेलं असतं. धडकेचा जोर त्या चेपण्यात जिरतो. चेपायचा नाही तो आतला पिंजरा: खांब, छत, दारांच्या आतले आडवे दांडे. तो बोटाने टकटक करून कळत नाही, गाडी ठरावीक वेगाने अडथळ्यावर आदळवूनच कळतो. ग्लोबल एनकॅप नावाची संस्था हेच करते आणि तारे देते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपही सुरू झालं आहे.

पंचला २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. त्यानंतर चाचणीचे नियम आणखी कडक झाले, हेही सांगते, म्हणजे मी एकच बाजू मांडतेय असं वाटायला नको. तुमच्या मनातली मारुतीची वॅगन आर माझ्याही यादीत शेवटपर्यंत होती. तालुक्याच्या गावीही दुरुस्ती होते, मायलेज चांगलं, बसायला उंच, सगळं खरं. पण २०२३ च्या चाचणीत तिला मोठ्यांसाठी एकच तारा मिळाला. यंदा तिच्यात सहा एअरबॅग आल्या, ते चांगलंच झालं. तरीही ज्या गाडीत तुम्ही दोघं बसणार, तिच्या बाबतीत मला एका ताऱ्यावर समाधान मानायचं नाही. मारुतीवरचा तुमचा विश्वास मी मोडतेय याचं मला वाईट वाटतं, पण इथे मी हटणार नाही.

आता आकाराचं. घराच्या वाटेवर, विहिरीजवळच्या वळणावर दोन दगडी गडग्यांमधलं अंतर मोजायला मी सांगितलं, तेव्हा तुम्ही लगेच टेप घेऊन गेलात आणि "आठ फुटांना चार बोटं कमी" असं कळवलंत. त्या मापावरच अर्धा निर्णय झाला. म्हणजे साधारण २,३६० मिलिमीटर. पंचची रुंदी १,७४२ मिलिमीटर, म्हणजे आरसे मिटून दोन्ही बाजूंना फूटभर जागा उरते. नवीन स्कॉर्पिओ एन १,९१७ मिलिमीटर रुंद आणि ४,६६२ लांब आहे. ती सरळ रस्त्यावरून जाईलही, पण त्या वळणात तिचं मागचं चाक जांभ्याला घासल्याशिवाय राहणार नाही. पंचची लांबी ३,८२७. रोज उठून जिथे गाडी घालायची आणि काढायची, तिथे जीव मुठीत धरावा लागला तर माणूस गाडी चालवायचंच टाळतो. आमच्या सोसायटीत दोन गाड्या अशाच महिनोन्‌महिने धूळ खात उभ्या आहेत.

माझ्यासारख्या नवीन गाडी शिकणाऱ्याला सगळ्यात अवघड काय जातं, तर डावी बाजू. आपण बसतो उजवीकडे, डावं पुढचं चाक दिसत नाही आणि ते रस्त्याच्या कडेपासून किती लांब आहे हे कळत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी मला एक युक्ती दिली. गाडी रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला अगदी लागून उभी केली, मला खाली उतरवून चाक दाखवलं, मग पुन्हा सीटवर बसवून विचारलं, "आता पट्टा काचेच्या खालच्या कडेला कुठे टेकतोय?" तो जवळजवळ मध्यावर, वायपरच्या बुडाशी टेकत होता. ती खूण एकदा डोळ्यात बसली की डावं चाक न बघताही कुठे आहे ते समजतं. उंच सीटवरून ही खूण आणि बॉनेटची कड दोन्ही नीट दिसतात. ठेंगण्या गाडीत मी मान उंचावत होते. टेस्ट ड्राइव्हला हा फरक मला पहिल्या पाच मिनिटांत जाणवला.

आई, तुझ्या गुडघ्यांची परीक्षा मी मावशीवर घेतली. तिचेही गुडघे तुझ्यासारखेच आहेत. प्रत्येक शोरूममध्ये तिला घेऊन गेले आणि बसायला लावलं. फिजिओथेरपीवाल्यांनी शिकवल्याप्रमाणे ती आधी गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेवर टेकते आणि मग दोन्ही पाय एकदम आत वळवते. टियागोत तिला खाली वाकून बसावं लागलं आणि उतरताना वरची मूठ धरून अंग ओढावं लागलं. टियागोलाही चार तारे आहेत, थोडी स्वस्तही आहे, पण मावशीचा चेहरा बघून मी ती यादीतून काढली. पंचची सीट बरोबर कमरेच्या उंचीला आली. दार थेट ९० अंशांत उघडतं, त्यामुळे पाय वळवायला मोकळी जागा मिळाली आणि तिने कशालाही हात न लावता बसून दाखवलं. शोरूममधला मुलगा इंजिनाबद्दल बोलत होता, मावशी म्हणाली, "थांब रे, मला परत एकदा उतरू दे." तिने तीनदा उतरून बसून खात्री करून घेतली.

तू म्हणालीस की शिकाऊ हाताला जुनी गाडी बरी, ओरखडा गेला तरी जीव तुटत नाही. हा सल्ला मला खूप जणांनी दिला आणि तो वाईट नाही. पण जुन्या गाडीत बचत नेमकी कशाची होते ते बघ. आपल्याकडे ब्रेकमधलं एबीएस सगळ्या नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून, आणि शेजारच्या सीटची तर २०२१ संपता संपता. शेजारच्या सीटवर तूच बसणार ना? ज्यांच्या हाताला सवय आहे ते ब्रेक सांभाळून दाबतात, नवखा माणूस घाबरून पाय रोवतो. तेव्हा चाकं जाम न होता गाडी वळवता यावी म्हणून एबीएस लागतं. ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज, त्यानेच ते नसलेली गाडी घ्यायची हे मला पटत नाही. आणि २०२२ नंतरची चांगली जुनी गाडी बघायला गेलं तर नव्या कर-दरामुळे नवीन गाडीशी तिचा फरक आता फारसा उरलेला नाही.

पैशांचंही सांगून टाकते. चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के होते, ते घटस्थापनेपासून, २२ सप्टेंबरला, १८ वर आले. पंचचं इंजिन ११९९ सीसीचं, म्हणून ती यात बसते. गाडी सात लाखांच्या आसपास, तिच्यावर आपल्या राज्याचा ११ टक्के रस्ता कर आणि विमा. नवीन गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदमच काढावा लागतो. तीन-सव्वातीन लाख माझ्याकडे साठलेले आहेत. पाच लाखांचं कर्ज चार वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी महिना साडेबारा हजारांच्या आत हप्ता बसतो, आणि तो मला झेपतो. बाबा, तुम्ही एफडी मोडायची नाही. ते पैसे तुमच्या दोघांच्या दुखण्या-खुपण्यासाठी आहेत आणि तिथेच राहू देत.

शोरूमच्या हिशेबात "हँडलिंग चार्जेस" दिसले की ते खोडायला सांगायचं आणि विमा त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं काही नसतं, हे दादाने मला आधीच पढवून ठेवलंय. गाडी ताब्यात घेण्याआधी चासी नंबर कागदाशी जुळवायचा, टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचून ते कोणत्या आठवड्यातले आहेत तेही बघायचं. त्या दिवशी बाबा हवेत. गाडीखाली वाकून बघणारा तुमच्यासारखा माणूस माझ्याकडे दुसरा नाही.

घाटाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. "वर्षभर तरी घाटात ड्रायव्हर घे" असं बाबा म्हणाले. मला ड्रायव्हर नकोय. शिकतेय ती घाटासाठीच. आईला डोळे दाखवायला डेरवणला न्यायचं तर तुम्ही आदल्या दिवसापासून कोणाची रिक्षा मिळते का बघत बसता, आणि रत्नागिरीला जायचं तर एसटीच्या पायऱ्या. चौकातून चालत येताना आई तीन ठिकाणी थांबते आणि थांबले म्हणून सांगत नाही. हे मला बंद करायचंय.

त्यासाठी मी कात्रजचा जुना घाट धरलाय. रविवारी सकाळी लवकर, शिकवणाऱ्या बाई शेजारी. चढावर गाडी पूर्ण थांबवायची, हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर. क्लच हळू सोडत आणलं की एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित वर उचललं जातं, तिथे पाय स्थिर ठेवायचा, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा आणि मगच हँडब्रेक सोडायचा. गाडी इंचभरही मागे येत नाही. आता मागे ट्रक येऊन टेकला तरी छाती धडधडत नाही. ऑटोमॅटिक घे असं ऑफिसात सगळे म्हणाले, शहरात ती सोयीची आहेच, पण घाटात कोणता गिअर हवा ते मला माझ्या हाताने ठरवायचंय.

तुम्ही लहानपणी शिकवलेलं मी बाईंना सांगितलं: ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल कधीच नाही, नाहीतर ब्रेक तापून धरत नाहीत. त्या म्हणाल्या, हे ज्यांच्याकडून शिकलात त्यांना माझा नमस्कार सांगा. तो इथे पोचवते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हेही पाठ आहे.

माझे नियम मीच घालून घेतलेत. पहिलं वर्ष घाट फक्त दिवसाउजेडी. पावसाळ्यात आंब्यात धुकं उतरलं असेल तर मलकापूरलाच थांबायचं, उशीर झाला तर झाला. पहिल्या खेपेला दादा शेजारी बसून येईल, नाशिकहून तो त्यासाठी रजा काढणार आहे. पहाटे निघून खंबाटकी ओलांडायची, कराडला न्याहारी, ऊन असतानाच साखरपा.

तुमच्यासाठी नियम एकच आहे, मागच्या सीटवरही बेल्ट. बाबा, "मागे कशाला" म्हणू नका. २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले, ते मागेच बसले होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. पंचतारांकित गाडीचे तारेही बेल्ट लावलेल्या माणसासाठीच असतात. आईला तो खांद्यावर रुतला तर मी मऊ कापडाची पट्टी शिवून आणेन.

आणखी एक काम. पडवीजवळच्या मांडवात गाडी लावायची असं तुम्ही म्हणालात, पण तिथे पेंढा आहे आणि पेंढ्यात उंदीर. बॉनेटखाली शिरून ते वायरी कुरतडतात. पेंढा गोठ्यामागे हलवता येईल का ते बघा, पण तुम्ही एकट्याने उचलू नका, गडी बोलवा. जमत नसेल तर गाडी फणसाखाली लावू, मात्र फणस धरायच्या दिवसांत तिथूनही हलवावी लागेल.

येत्या शनिवारी मी रात्रीच्या एसटीने निघतेय. रविवारी सकाळी पोचेन. येताना किमतीचा कागद आणि मॉडेलचं माहितीपत्रक आणते. बाबांनी चष्मा लावून सगळं वाचायचं आणि जे खटकेल ते तिथल्या तिथे मला विचारायचं. आईने रंग सांगायचा. मला पांढरा बरा वाटतो, रात्री लांबून दिसतो. तुला दुसरा हवा असेल तर तोच घेऊ.

तुमची,
मनू