हाडातलं आधी तपासा, मग औषध

मा. संपादक, स.न.

हाडांचं आरोग्य म्हटलं की पेपरात कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि गुडघ्याचे व्यायाम एवढंच येतं. ते चांगलंच आहे, पण हाडात पू होणं आणि हाडाचा कॅन्सर यावर वाचायला काही मिळत नाही म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही, अडीच वर्षं पेशंट आहे, त्यामुळे थोडं लांबेल, कापायचं तिथे कापा.

अपघातात नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. प्लेट टाकली, टाके सुकले, आणि ४ महिन्यांनी तिथेच बारीकसं भोक पडून वाहायला लागलं. मग दर वेळी तेच, भोकावर कापसाची काडी फिरवायची, ती लॅबला पाठवायची, रिपोर्टात जो जंतू येईल त्याच्या गोळ्या १० दिवस. गोळ्या चालू असेपर्यंत भोक बंद, संपल्या की परत चालू. असं दीड वर्ष काढलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, कातडीच्या तोंडाशी सापडणारा जंतू आणि आत हाडात बसलेला जंतू एकच असेल असं नाही हो! खरं म्हणजे ऑपरेशनमध्ये आतल्या हाडाचे चार-पाच तुकडे वेगवेगळ्या जागचे घेऊन कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं असतं, आणि तब्येत बरी असेल तर त्याआधी दोनेक आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवायचं असतं, नाहीतर जंतू आत असूनही रिपोर्टात काहीच उगवत नाही. दीड वर्ष मी नक्की कुठल्या जंतूचं औषध घेत होतो देव जाणे.

गोळ्या लागत का नव्हत्या तेही तेव्हाच कळलं. औषध जाणार रक्तातून, आणि मेलेल्या हाडाच्या तुकड्याला रक्तच नाही, मग ते पोचणार कसं? त्यात प्लेटसारख्या धातूवर हे जंतू चिकट थर करून त्याच्या आत दडून बसतात. म्हणजे मेलेलं हाड खरवडून काढणं, प्लेट काढणं आणि मग नेमक्या जंतूचं औषध साधारण ६ आठवडे. मला वाटायचं औषध सलाइनमधूनच हवं, गोळीत काय दम? तर २०१९ मध्ये ब्रिटनमधला हजारावर पेशंटचा अभ्यास आलाय, नीट निवडलेल्या गोळ्या सलाइनच्या तोडीस तोड ठरल्या. नीट निवडलेल्या, हे महत्त्वाचं.

आता मूळ मुद्दा. वॉर्डात शेजारच्या बेडवर १५ वर्षांचा मुलगा होता. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर दुखायचं, रात्री जास्त, खेळताना लागलं असेल म्हणून दोन महिने मलम आणि गरम पट्टी. मग सूज आली, ताप आला, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या, ईएसआर (शरीरात सूज-दाह असला की वाढणारी रक्ततपासणी) वाढलेला, म्हणजे इन्फेक्शनच, असं म्हणून आधीच्या एका दवाखान्यात चीर देऊन 'पू' काढला. तो पू लॅबला कल्चरसाठी गेला, पेशी तपासायला पॅथॉलॉजीकडे काहीच गेलं नाही. आजार निघाला युइंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा एक कॅन्सर. या कॅन्सरमध्ये ताप येतो, ईएसआर वाढतो, आतला भाग कधी कधी पुवासारखाच दिसतो, त्यामुळे भलेभले फसतात असं डॉक्टरच म्हणाले. पण चीर दिली गेली होती, तिच्या वाटेवर पेशी सांडलेल्या, म्हणून पुढच्या ऑपरेशनमध्ये ट्यूमरसोबत ती सगळी वाट, कातडीसकट, काढावी लागणार होती. पाय वाचवायचा असतो तेव्हा प्रत्येक इंच मोलाचा असतो.

ऑर्थोपेडिकवाल्यांचा एक जुना नियम आहे म्हणे, ट्यूमर वाटला तरी कल्चर करा आणि इन्फेक्शन वाटलं तरी बायोप्सी करा, म्हणजे सुईने तुकडा काढून पेशी तपासा. इतकं सोपं असून ते होत का नाही? मणक्याच्या टीबीचंही तेच, बऱ्याचदा एमआरआय बघून अंदाजाने औषध सुरू, आणि औषधाला दाद न देणारा टीबी असला तर ते कळेपर्यंत महिने जातात.

त्या मुलाच्या आईला नातेवाईक सांगत होते, सुई लावू देऊ नका, कॅन्सर पसरतो. अहो, बायोप्सीशिवाय कॅन्सर कुठला हेच कळत नाही! पसरायची भीती आहे ती भलत्या जागी, भलत्या दिशेने कापण्याची, म्हणून पुढचं मोठं ऑपरेशन जे करणार त्यांनीच किंवा त्यांना विचारून सुईची जागा ठरवायची.

आणि उपचार नाहीत असंही नाही. ऑस्टिओसार्कोमा हा मुलांमधला हाडाचा सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, त्यात १९७० च्या आधी पाय कापूनही पाचातला जेमतेम एक वाचायचा, कारण पेशी आधीच फुप्फुसात पोचलेल्या असायच्या. केमोमुळे आता तो पसरलेला दिसत नसेल तर दहातले सहा-सात वाचतात, बहुतेकांचा पायही राहतो. मात्र केमोने प्रतिकारशक्ती खाली गेलेली असताना काढलेल्या हाडाच्या जागी मोठा धातूचा सांधा बसवायचा म्हणजे परत इन्फेक्शनची टांगती तलवार, म्हणजे त्या मुलाचा आजार फिरून माझ्या आजाराच्या दारात. उलटंही होतं, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या भोकाच्या कडेला कधी कधी कातडीचा कॅन्सर होतो.

खरवडून काढलेल्या हाडाची जागा भरायला माझ्या पायाभोवती सध्या बाहेरून धातूची रिंग आहे. दिवसातून ४ वेळा नट फिरवायचे, एका वेळी पाव मिलिमीटर, म्हणजे दिवसाला १ मिलिमीटर हाड सरकतं. तो मुलगा केमोच्या सलाइनला टेकून माझे नट मोजायचा, मी विसरलो की ओरडायचा, काका दुपारचा राहिला!

तर विनंती एवढीच, एखाद्या हाडांच्या ट्यूमरच्या सर्जनकडून नीट लेख लिहून घ्या. आणि तोपर्यंत निदान एक छोटी चौकट छापा, की रात्री झोपेतून उठवणारं, एकाच जागचं, आठवड्यागणिक वाढणारं हाडाचं दुखणं असेल तर एक्स-रे काढा, आणि इन्फेक्शनमध्ये पहिले १०-१४ दिवस एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो म्हणून दुखणं थांबलं नाही तर परत जा.

आपला एक वाचक