नुसते दरपत्रक नको, खर्चाचा लेखी अंदाज हवा

महोदय,

खासगी रुग्णालयांनी आपले दर दर्शनी भागात लावावेत, असे बंधन राज्य सरकारने जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र शुश्रूषागृहे नोंदणी नियमांत दुरुस्ती करून घातले. दुरुस्ती स्वागतार्हच होती. पण फलक वाचून बिलाचा अंदाज बांधता येत नाही, हे नोकरीभर आरोग्य विम्याचे दावे तपासलेल्या माझ्यासारख्याला पुरते ठाऊक आहे. फलकावर खाटेचे भाडे, डॉक्टरांच्या भेटीची फी, व्हेंटिलेटर असे सुटे दर असतात. हर्नियाच्या शस्त्रक्रियेला एकूण किती लागतील, हे त्यावरून कळत नाही. शिवाय अनेक मोठ्या रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की भाड्याबरोबर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटरचे शुल्क आणि तपासण्यांचे दरही चढतात. सर्जन तोच, टेबल तेच, टाकेही तेवढेच. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि ती ओलांडली गेली, तर कंपनी डॉक्टरांच्या फीसारख्या खर्चांतूनही त्याच प्रमाणात रक्कम कापू शकते, आणि नातेवाइकांना ते बहुधा डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर समजते.

गुंतागुंत उद्भवू शकते, म्हणून खर्च आधी सांगता येत नाही, असे रुग्णालये म्हणतात. तातडीने दाखल झालेल्या रुग्णांपुरते ते मान्य करायला हवे. मात्र कॅशलेस सुविधेसाठी हेच रुग्णालय विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवते, तेव्हा त्यात खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांची फी, औषधे व इम्प्लांट यांचा अपेक्षित खर्च वेगवेगळ्या रकान्यांत भरून खाली बेरीजही केलेली असते. कंपनीला जो अंदाज देता येतो, तो ज्याच्या पोटावर शस्त्रक्रिया व्हायची आहे त्याला लेखी देण्यात कोणती अडचण आहे?

पश्चिम बंगालच्या २०१७ च्या कायद्यात रुग्णाला खर्चाचा अंदाज देण्याची आणि अंतिम बिल त्या अंदाजापेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक वाढू न देण्याची तरतूद आहे, शिवाय तक्रारींसाठी स्वतंत्र आयोग आहे. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही आणि आपला कारभार अजून १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमावरच चालतो. नोंदणी देणारी स्थानिक यंत्रणाच तक्रारही ऐकते, त्यामुळे तक्रारदाराच्या पदरी फारसे काही पडत नाही.

सरसकट दर बांधून देण्याच्या बाजूचा मी नाही. मे २०२० मध्ये सरकारने कोविड रुग्णांसाठी साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये अशी कमाल मर्यादा घातली होती; पण ती महामारी होती, आणि तालुक्याच्या गावातील दहा खाटांच्या रुग्णालयाला महानगरातील रुग्णालयाचे गणित लावणे अन्यायाचे होईल. माझी मागणी मर्यादित आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी खोलीच्या प्रत्येक वर्गानुसार एकूण खर्चाचा मराठीत लेखी अंदाज द्यावा, तो वाढणार असेल तर लगेच कारणासह कळवावे, आणि बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ (एकदा वापरून टाकायच्या वस्तू) किंवा ‘इतर’ अशी ठोक रक्कम न लावता प्रत्येक वस्तू व तिची किंमत वेगळी दाखवावी. नोंदणीचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण होते. त्या वेळी तपासणी अधिकाऱ्याने खाटा आणि अग्निशमन यंत्रे पाहण्याबरोबरच मागची काही बिले काढून फलकावरील दरांशी ताडून पाहावीत.

– एक निवृत्त विमा कर्मचारी, नाशिक