किडनीची तपासणी सूज आल्यावर नको, आधी हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक किडनी दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. दर वर्षी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असे लेख येतात. पाणी भरपूर प्या, मीठ कमी खा, हे त्यात असतंच. यंदा मात्र नव्या औषधांचाही उल्लेख होता, म्हणून लिहायला बसलो. मी संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात गेली २६ वर्षं मेडिकल चालवतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. कोणत्या घरात डायलिसिस सुरू आहे, हे इथं पत्ता सांगताना खूण म्हणून सांगतात.

आधी माझ्या घरचं सांगतो. माझे मोठे काका सात वर्षांपूर्वी गेले. सहा एकरांचे शेतकरी, कधी आजारी पडले नाहीत. कंबर मात्र दुखायची. सोयाबीनच्या सोंगणीला, पऱ्हाटीच्या निंदणाला, रात्री पाणी द्यायला जाताना ते दुकानात यायचे. "बापू, कंबर लय दुखून राह्यली, दोन गोया दे." मी स्ट्रिप कात्रीनं कापून दोन गोळ्या द्यायचो. एक दिवस पायावर सूज आली, चपलेच्या पट्ट्याचा वळ संध्याकाळपर्यंत जाईना. मग उलट्या, मग धाप. अकोल्याला नेलं तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा कचरा, ९ च्या वर होतं. डॉक्टरांनी विचारलं, "कोणती गोळी घेत होते?" काकांनी बंडीच्या खिशातून कापलेला तुकडा काढून दिला. त्यावर ना नाव होतं, ना तारीख. नावाचा भाग माझ्या दुकानातल्या डब्यात उरलेल्या स्ट्रिपवर होता.

गोळी मी दिली होती, म्हणून नाव मीच सांगितलं. डायक्लोफेनॅक. काकांची किडनी त्याच गोळीनं गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही ठामपणे म्हणू शकत नाही. रक्तदाब कधी मोजला नव्हता, पाणी खारं, उन्हातलं काम, सगळंच होतं. पण त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय मी ती गोळी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, तरी देत नाही.

हे नेमकं कसं होतं, ते सांगायला हवं. अंगातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्तही कमी पडतं. तेव्हा शरीर आपली काही द्रव्यं वापरून किडनीत रक्त आणणारी बारीक नळी उघडी ठेवतं. दुखण्याच्या या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं बनू देत नाहीत. धडधाकट, पाणी पिणाऱ्या माणसानं एखाददिवशी एक गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण मे महिन्याच्या उन्हात घाम गाळलेला माणूस, त्यात रक्तदाबाची गोळी चालू, लघवी होण्याची गोळी चालू, आणि वरून रोज ही दुखण्याची गोळी, असं एकत्र आलं की किडनीवर चारही बाजूंनी घाव पडतो. साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल, तेही ठरल्या मात्रेत, किडनीला त्या मानानं बरं. शेतातून आलेल्या माणसाला मी आधी तेच सांगतो.

आता मूळ मुद्दा. काकांच्या वेळी लवकर कळलं असतं तरी काय केलं असतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. रक्तदाब आवरायचा, टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी द्यायची, साखर सांभाळायची, एवढंच हातात होतं. २०२० मध्ये हे बदललं. डॅपाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची गोळी. ती किडनीच्या ४,३०४ रुग्णांना देऊन पाहिली, आणि त्यातल्या जवळपास एकतृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. साधारण सव्वादोन-अडीच वर्षांत, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी १४-१५ जणांची किडनी निम्म्यानं तरी ढासळली, ती पूर्ण निकामी झाली किंवा किडनी-हृदयाच्या कारणानं मृत्यू आला. खरी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात ९ च्या आसपास राहिलं. पुढे एम्पाग्लिफ्लोझिनवर ६,६०९ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. तिथंही धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. २०२४ मध्ये मधुमेही किडनी रुग्णांत सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनानं तो २४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. फिनेरेनोन हे आणखी एक औषध आहे. ही औषधं गेलेली किडनी परत आणत नाहीत. पण डायलिसिस काही वर्षं लांबवतात, आणि आमच्या भागात काही वर्षं म्हणजे पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण.

दुकानदार म्हणून एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, ती किमतीची. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० च्या अखेरीस संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. एम्पाची एक गोळी ६० रुपयांच्या घरात होती, महिन्याला मजुराच्या बायकोचं मंगळसूत्र मोडावं इतका खर्च. आज तीच गोळी काही कंपन्यांची १० रुपयांच्या आत मिळते. औषध आलं, स्वस्तही झालं, आणि माझ्या कपाटात पडून आहे. कारण ज्याला ते द्यायचं त्याची तपासणीच होत नाही. (वाचकांनी कृपया हे नाव वाचून थेट दुकानात जाऊ नये. कुणाला द्यायचं, कुणाला नाही, उलट्या-जुलाब झाले किंवा उपास असला तर कधी थांबवायचं, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.)

आमच्या भागात मी पाहिलेल्या शिबिरांत रक्तदाब आणि साखर बघतात. आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात, त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. पण लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन त्या शिबिरांत मला दिसलेलं नाही. या दोन्ही तपासण्या हव्यात. नुसती लघवीची पट्टी खारपाणपट्ट्याला पुरणार नाही. मधुमेहानं किडनी जाते तेव्हा लघवीत प्रथिन बहुधा लवकर दिसतं. पण मधुमेह नाही, रक्तदाब नाही, आणि तरी किडनी आक्रसत जाते, अशा शेतमजुरांच्या आजारात लघवी बराच काळ जवळपास स्वच्छ राहू शकते. एल साल्वादोरमधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये अशा रुग्णांची नोंद केली. निकाराग्वाचे ऊसतोड मजूर, श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातले भातशेतकरी, आंध्रातल्या श्रीकाकुळमचा उद्दानम पट्टा, सगळीकडे हीच तऱ्हा. ऊन, पाणी, फवारणीची औषधं, दुखण्याच्या गोळ्या, सगळ्यांकडे बोट दाखवलं जातं, आणि एकच कारण अजून सिद्ध झालेलं नाही. पण ते सिद्ध होईपर्यंत आम्ही तपासणीसाठी थांबायचं का? मध्य अमेरिकेतल्या काही ऊसमळ्यांवर मजुरांना ठरल्या वेळी सावली, विश्रांती आणि पाणी द्यायला सुरुवात केली, आणि किडनीला होणारी इजा कमी झाली. आमच्याकडे सोंगणीला बाया सकाळी सातला शेतात जातात आणि आडोसा नाही म्हणून दुपारपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत. "पानी पेलं का मंग जावं कुठी?" असं एक ताई मला म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लघवीची आग, मग माझ्याकडून गोळ्या.

मुतखड्याचंही तेच. 'बिअर पी, खडा पडते' हा सल्ला गावागावांत चालतो. इटलीत १९९ रुग्णांवर पाच वर्षं झालेल्या अभ्यासात (१९९६) रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांत शंभरात १२ जणांना परत खडा झाला, इतरांत २७ जणांना. उलट खडा परत होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडचा २०२३ मध्ये ४१६ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फायदा दिसला नाही. साधं पाणीच कामी येतं, आणि आमच्याकडे नेमकं तेच खारं. वीस लिटरचा कॅन रोज कोणाला परवडतो?

आता क्रिएटिनिनबद्दल. लॅबचा कागद हातात घेऊन लोक दुकानात येतात. "१.२ आहे, नॉर्मल लिहिलंय." पंचविशीतल्या गड्याचं १.२ असेल तर किडनी मिनिटाला ८६ मिलिलिटरच्या आसपास गाळते, काळजीचं काही नाही. तेच १.२ पंचावन्न वर्षांच्या बाईचं असेल तर हिशेब ५३ वर येतो. ६० च्या खाली तीन महिने राहिलं तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. दोघांच्या कागदावर 'नॉर्मल' एकच. बाई घरी जाते, कंबर दुखली की परत गोळी घेते. हा हिशेब, म्हणजे ईजीएफआर, वय, लिंग आणि क्रिएटिनिन घातलं की मोबाइलवरही निघतो. प्रत्येक लॅबनं तो कागदावर छापावा, एवढं झालं तरी कितीतरी माणसं वेळेत सापडतील. हाडकुळ्या माणसात क्रिएटिनिन फसवं कमी दिसतं, हेही लॅबवाल्यांनी आणि डॉक्टरांनी लक्षात ठेवावं. आमच्याकडे हाडकुळीच माणसं जास्त.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नोव्हेंबर २०२५ ला आलेल्या जागतिक अंदाजात भारतात सुमारे १३.८ कोटी प्रौढांना किडनीचा जुनाट आजार असल्याचं म्हटलं आहे. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक आरोग्य सभेनं किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव केला. ठराव जिनिव्हात झाला, हे चांगलंच. पण जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं यंदाच्या उन्हाळ्याआधी खारपाणपट्ट्यातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं क्रिएटिनिन आणि लघवी तपासायचं ठरवलं, तर त्याचा उपयोग आमच्या गल्लीत होईल. डायलिसिसचं मशीन तालुक्याला यावं ही मागणी आम्ही करतो, करायलाच हवी. आठवड्यातून दोन-तीनदा चार तास मशीनवर पडणाऱ्या आणि उरलेला दिवस एसटीत घालवणाऱ्या माणसाला ते जवळ हवंच. पण मशीनच्या आधीची पायरी दर वेळी राहून जाते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. स्ट्रिप कापून द्यावी लागलीच तर नावाचा भाग गिऱ्हाइकाला द्या, बिननावाचा तुकडा आपल्याकडे ठेवा. मी सात वर्षं हेच करतो.

आणि संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणी. वय आणि क्रिएटिनिनवरून ईजीएफआर किती, याचा स्त्री-पुरुषांचा वेगवेगळा तक्ता एखाद्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन आपण आरोग्याच्या पानावर पाव पान छापावा. अक्षर मोठं ठेवा, आमच्याकडे चष्मा घरी विसरून येणारे फार आहेत. ज्या दिवशी छापाल त्या दिवशी मी वीस अंक घेईन. एक काउंटरच्या काचेखाली लावीन, बाकीचे पारावर, दूध डेअरीत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर.

आपला,
एक औषधविक्रेता
संग्रामपूर तालुका, जि. बुलढाणा