साठीआधी थांबलेल्यांची स्वकष्टाची पेन्शन: केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

नाशिक, 8 डिसेंबर 2025

महोदया,

स. न. वि. वि.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत मी लेखा विभागात पंचवीस वर्षं काम केलं. 31 मार्च 2022 ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडली. आदल्या वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला होता आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि 2006 पासून म्युच्युअल फंडात दरमहा टाकलेले पैसे, एवढ्यावर आता आम्हा दोघींचं घर चालतं.

लवकर निवृत्ती म्हटलं की संगणक कंपनीतला, चाळिशीत कोकणात घर बांधणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. तसेही लोक आहेत आणि त्यांनी ते कष्टानेच मिळवलंय. पण माझ्या ओळखीतले साठीआधी थांबलेले लोक वेगळे आहेत. कोणाची कंपनी बंद पडली, कोणाला स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करावी लागली, आणि बायका बहुतेक करून घरातल्या आजारपणासाठी थांबल्या. आमच्यापैकी कोणालाही पेन्शन नाही. ती आम्ही आमची उभी केली. आपला आयकर कायदा मात्र मालकाने दिलेली पेन्शन ओळखतो, स्वतः उभी केलेली ओळखत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे.

आकडेच मांडते, तेच माझं काम होतं. यंदा मुदत ठेवींचं व्याज 4,20,000 रुपये होईल. बाकीच्या खर्चासाठी इक्विटी फंडातून दरमहा 35,000 रुपये काढते, म्हणजे वर्षाला तेवढेच 4,20,000. त्यातले 1,20,000 माझी मूळ गुंतवणूक आणि 3,00,000 दीर्घ मुदतीचा नफा. कायद्याच्या दृष्टीने माझं एकूण उत्पन्न 7,20,000 रुपये. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही, असं आपण गेल्या फेब्रुवारीत सांगितलंत तेव्हा आईच्या उशाशी बसून मी ते भाषण ऐकत होते आणि मला मनापासून बरं वाटलं होतं. पण हा कर शून्यावर आणणारी कलम 87ए ची रिबेट, म्हणजे करमाफी, फंडाच्या नफ्यासारख्या विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला मिळत नाही. त्यामुळे 3 लाखांच्या नफ्यातून सव्वा लाखाची सूट वजा जाते, उरलेल्या 1,75,000 वर साडेबारा टक्के आणि वर सेस. होतात 22,750 रुपये.

हेच 7,20,000 रुपये मी सगळे ठेवींच्या व्याजातून घेतले असते तर कर शून्य होता. व्याज 12 लाख असतं तरीही शून्यच. म्हणजे 12 लाख व्याज घेणाऱ्याला काही नाही आणि त्याच्याहून 4,80,000 रुपयांनी कमी उत्पन्न असलेल्या बाईला 22,750. ही रक्कम म्हणजे आईच्या रात्रपाळीच्या मावशींचा दीड महिन्याचा पगार आहे.

भांडवली नफ्याला आधीच कमी दर दिलाय, मग वर रिबेट कशाला, असं आपले अधिकारी म्हणतील. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसासाठी साडेबारा हा कमी दर आहे, हे मान्य. ज्याचा टप्पाच शून्यावर येतो त्याला तो जास्तच पडतो. आणि रिबेट एकूण उत्पन्नावरच ठरते. ती या नफ्याला लागू केली तरी श्रीमंतांच्या हाती काही लागणार नाही, कारण 12 लाखांच्या वर ती नाहीच. थोडक्यासाठी मर्यादा ओलांडणाऱ्यांचा कर मर्यादेवरच्या रकमेहून जास्त होऊ नये, अशी मार्जिनल रिलीफची सोय आपण आधीच केलेली आहे, तीच इथे चालेल.

या रिबेटवरून गोंधळही कमी झाला नाही. 5 जुलै 2024 नंतर विवरणपत्राच्या संगणक प्रणालीने अल्प मुदतीच्या नफ्यावरची रिबेट नाकारायला सुरुवात केली, तेव्हा द चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. लोकांना निदान दावा तरी करता आला पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. मग 2025 च्या वित्त कायद्याने विशेष दराच्या उत्पन्नाला रिबेट नाही, हे शब्दांत लिहून टाकलं. शंका मिटली, पण दार बंद करून मिटली.

पेन्शनरांना नव्या प्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट आहे, ती मिळायलाच हवी. मी माझ्याच पुंजीतून महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम घेते. तिचा उपयोग पेन्शनचाच आहे, पण तिला एक रुपयाही वजावट नाही.

आता एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण तिच्यावर माझे बरेच दिवस गेले आहेत.

2006 साली मी एजंटमार्फत फंड घेतले, म्हणजे रेग्युलर प्लॅनमध्ये. सेबीने 1 जानेवारी 2013 पासून डायरेक्ट प्लॅन आणले, त्यात कमिशन नसतं. मला ते 2019 मध्ये कळलं. 2018 च्या मार्चआधी कळलं असतं तर इक्विटीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर करच नव्हता, मी तेव्हाच हलवलं असतं. आज माझ्या एका फंडात 40 लाख रुपये आहेत आणि रेग्युलर-डायरेक्टमधला खर्चाचा फरक जवळपास एक टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे 40,000 रुपये. योजना तीच, फंड मॅनेजर तोच, आतले शेअर तेच. तरी एका प्लॅनमधून दुसऱ्यात गेले तर कायदा त्याला विक्री समजतो. त्यात माझा नफा सुमारे 28 लाख आहे आणि एका झटक्यात हलवलं तर सव्वातीन लाखांच्या वर कर लागेल. हातात रुपया पडलेला नसताना.

आणि याच कायद्यात, कलम 47 मध्ये, फंड कंपनीने दोन योजना एकत्र केल्या किंवा एकाच योजनेतले प्लॅन एकत्र केले तर गुंतवणूकदाराला कर लागू नये, अशी तरतूद 2015 आणि 2016 मध्ये केलेली आहे. योग्यच आहे, कारण पैसा बाहेर आलेलाच नसतो. मग तोच पैसा, त्याच योजनेत, मी माझ्या अर्जाने हलवला तर ती विक्री कशी? विमा कंपनीच्या युलिपमध्ये, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीत, शेअरमधून रोख्यांत आणि रोख्यांतून शेअरमध्ये कितीही वेळा गेलं तरी कर नाही, तिथे तर आतली गुंतवणूकच बदलते. मी सगळ्या बदलांना सूट मागत नाही. एकाच योजनेतल्या रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हे हस्तांतर नाही, एवढं एक वाक्य कायद्यात घाला. मूळ खरेदीची तारीख आणि किंमत तीच धरा. सरकारचा कर बुडत नाही, मी पुढे विकेन तेव्हा तो मिळणारच आहे.

नोकरीत असताना दर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जेवणं झाली की मी टेबलावर लाल पुठ्ठ्याची वही आणि फंडांचं एकत्रित स्टेटमेंट घेऊन बसायची. कोणते युनिट सर्वांत जुने, कारण आधी घेतलेले आधी विकले जातात. त्यांतले किती विकले तर नफा तेव्हाच्या लाखाच्या करमुक्त मर्यादेत बसेल. विकायचे, पैसे आले की तेच युनिट पुन्हा घ्यायचे. असं केलं की त्या वर्षीची करमुक्त मर्यादा वापरली जाते आणि खरेदीची किंमत वर सरकते. हे पूर्णपणे कायदेशीर आहे. पण नवे युनिट वर्षभर हलवता येत नाहीत, हलवले तर एक्झिट लोड, म्हणजे लवकर काढल्याचं शुल्क, आणि अल्प मुदतीचा कर. विक्री आणि खरेदीच्या मधल्या तीन-चार दिवसांत बाजार कुठेही जातो. आणि मार्च 2020 मध्ये बाजार असा कोसळला की विकायला नफाच उरला नाही, त्या वर्षीची लाखाची मर्यादा गेली ती गेलीच.

आमच्या कंपनीत शे-दीडशे माणसं होती. हे करणारी बहुधा मी एकटी, तेही माझा हिशेबाचा धंदा म्हणून. मशीनवर आठ तास उभा राहणारा माणूस हे कधी करणार? त्याचीही मर्यादा दर 31 मार्चला अशीच जाते. भांडवली तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, तशी न वापरलेली करमुक्त मर्यादाही आठ वर्षं पुढे नेऊ द्या. मग वहीतली ही उलाढाल कोणालाच करावी लागणार नाही आणि ज्याला वही लिहिता येत नाही त्यालाही तेवढाच लाभ मिळेल.

रोख्यांच्या फंडांबद्दल मला राग आहे, तो लपवत नाही. 2014-15 मध्ये मी 10 लाख रुपये डेट फंडात ठेवले ते उतारवयासाठी. तेव्हाचा कायदा वाचून ठेवले: तीन वर्षांनंतर महागाईचा निर्देशांक लावून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. आईच्या दिवसरात्रीच्या मावशींचा खर्च सुरू झाल्यावर डिसेंबर 2024 मध्ये ते काढले, 19 लाख आले. निर्देशांक 240 वरून 363 झाला होता, म्हणजे माझी खरेदी 15,12,500 धरली गेली असती आणि कर 77,500 आला असता. पण 23 जुलै 2024 पासून हे निर्देशांक लावणं, म्हणजे इंडेक्सेशन, गेलं होतं. पूर्ण 9 लाखांवर साडेबारा टक्के, 1,12,500 रुपये भरले. सेस वेगळा.

त्याच जुलैत जमीन आणि घरांचं इंडेक्सेशनही गेलं होतं. त्यावर ओरड झाली आणि ऑगस्टमध्ये आपण दुरुस्ती आणलीत, की 23 जुलैआधी घेतलेल्या घराला दोन्हींपैकी जो कर कमी पडेल तो भरा. ते न्यायाचं होतं. डेट फंडवाल्यांसाठी मात्र कोणी उभं राहिलं नाही. त्याआधी 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या डेट फंडांची दीर्घ मुदतीची सवलतच काढून टाकली गेली, तीही 1 फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्हती, 24 मार्चला लोकसभेत दुरुस्ती म्हणून आली. निवृत्तीचा हिशेब वीस-तीस वर्षांचा असतो, महोदया. 2018 मध्ये इक्विटीवर कर परत आला तेव्हा 31 जानेवारी 2018 पर्यंतचा नफा तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी सोडून दिला होता. तोच नियम जुन्या डेट फंडांना लावा. घरवाल्यांना दिलेला पर्याय आम्हालाही द्या.

एक बाब लहान वाटेल, पण साठीच्या आतल्यांना ती रोज टोचते. आमच्याच कंपनीतल्या एका फोरमननी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली. सगळी रक्कम मुदत ठेवीत. वर्षाचं व्याज साडेचार लाख, दुसरं उत्पन्न नाही, कर शून्य. बँकेने व्याजातून आधीच कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म 15जी घेऊन ते गेले तेव्हा मी बरोबर होते. फॉर्म परत आला, कारण साठीच्या आतल्या माणसाचं व्याज मूळ सूटमर्यादेच्या, म्हणजे 4 लाखांच्या, वर असेल तर कर शून्य असूनही 15जी चालत नाही. त्याच खिडकीवर आमच्या मागे त्यांचे थोरले भाऊ होते, वय त्रेसष्ट, व्याज जवळपास तेवढंच. त्यांचा 15एच, म्हणजे साठीवरच्यांचा तसाच फॉर्म, घेतला. खिडकीवरच्या मुलीचा काही दोष नव्हता, तिने नियमच सांगितला आणि हळहळलीसुद्धा. आता फोरमनचे दर तिमाहीला 11,250 रुपये टीडीएसमध्ये कापले जातात. वर्षाचे 45,000. ते पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळतील आणि ज्या वर्षात कापले त्या वर्षाचं व्याज त्यांवर मिळणार नाही. 15एच ला करशून्यतेची एकच अट आहे, 15जी लाही तेवढीच ठेवा. यात सरकारला एक पैशाचा महसूल सोडावा लागत नाही.

आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबरमध्ये शून्य झाला, त्याचा आम्हाला थेट फायदा झाला. मालकाचा गट विमा गेल्यावर पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून भरणारे आम्हीच. त्याबद्दल मनापासून आभार. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, भाषा सोपी झालीय, कलमं कमी झालीत. मी तो बसून वाचला. वर लिहिलेल्या गोष्टी त्यात जशाच्या तशा आल्या आहेत, म्हणून आत्ताच लिहिते आहे. फेब्रुवारीच्या वित्त विधेयकात हे बसवता येईल.

31 डिसेंबरला तिमाही संपते. फोरमनच्या मुलीची शेवटच्या वर्षाची फी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भरायची आहे आणि त्यांनी त्या 11,250 रुपयांची सोय कालच भावाकडून उसनी केली.

आपली विश्वासू,
नाशिकची एक निवृत्त लेखापाल